आईला बाहेर बसवलंत, त्याबद्दल

प्रिय डॉक्टर मॅडम,

गेल्या पावसाळ्यात मी आईबरोबर तुमच्याकडे आले, ती गार पाण्याने दातांतून कळ जाते म्हणून. त्याआधी एका दवाखान्यात "लिंबू-चिंच कमी कर" एवढं सांगून पेस्ट लिहून दिली होती. तुम्ही मात्र वरच्या पुढच्या दातांच्या मागे आरसा धरून बराच वेळ बघत राहिलात. मग आईला म्हणालात, "ताई, एक्स-रे काढायचाय, जरा बाहेर बसता?" दार लागल्यावर मास्क खाली घेतलात आणि मला हळूच विचारलंत, "उलटी होते, की तू काढतेस?"

चार वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी रडत होते तेवढा वेळ तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

नंतर माझ्या हातात आरसा देऊन तुम्ही जे दाखवलंत, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पुढून दात बरे दिसत होते, फक्त कडा काचेसारख्या पातळ झालेल्या. मागून मात्र इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, गेलेलं, सगळं गुळगुळीत, पिवळट. दहावीत असताना दाढेत भरलेली चांदी वर आली होती. मला वाटलं, ती निसटतेय. "चांदी जागच्या जागी आहे गं, भोवतीची दाढ झिजलीय." तोंडातला पीएच (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं, आणि पोटातलं आम्ल तर एक-दोनच्या घरातलं. गेलेलं इनॅमल परत येत नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

सगळ्यात जास्त लागलं ते ब्रशचं. स्वच्छ वाटावं म्हणून दर वेळी मी लगेच खसाखसा दात घासायचे, म्हणजे आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल स्वतःच्या हाताने खरवडत होते. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भर आणि तासभर ब्रशला हात लावू नकोस, असं तुम्ही सांगितलंत. आणि माझे गाल! आत्या म्हणायची, "गाल कसे छान भरलेत," आणि त्या रात्री मी जेवायचे नाही. त्या लाळग्रंथी सुजल्या होत्या, हे तुमच्याकडून कळलं.

आपल्या इंदुरात कोणाकडेही जा, पोहे-जिलबी समोर येतेच. थंडीत मैत्रिणी सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला ओढून नेतात. नको म्हणण्यापेक्षा खाऊन घरी येऊन नळ सोडणं मला सोपं वाटायचं. नर्मदेचं पाणी वाया घालवतेस म्हणून आई दाराबाहेरून ओरडायची. बिचारीला नळाचाच आवाज ऐकू यायचा.

मी कॅप मागत होते. उलटी चालू असेल तर कॅपच्या कडेने दात झिजतच राहील, म्हणून तुम्ही फ्लोराइडचा लेप आणि कळ येणाऱ्या दातांवर फिलिंग, एवढ्यावरच थांबलात. मनोविकारतज्ज्ञांना माझ्यासमोर फोन लावून वेळ ठरवलीत. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर, म्हणून औषधाच्या चिठ्ठीमागे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहिलात. रक्त तपासायला पाठवलंत, त्यात पोटॅशियम कमी निघालं. उलट्यांनी ते उतरतं आणि हृदयावर बेततं, हे मला कुठे ठाऊक होतं? मी दातांपुरतीच घाबरले होते.

आईला मात्र तुम्ही काही सांगितलं नाहीत. "तू सांगशील. हवं तर मी शेजारी बसेन." तीन आठवड्यांनी तुमच्याच दवाखान्याच्या बाकावर मी तिला सांगितलं. तुम्ही खरंच येऊन शेजारी बसलात, बाहेर पेशंट खोळंबलेले असताना.

सगळं संपलंय असं नाही. मागच्या महिन्यात दोनदा पुन्हा झालं. दोन्ही वेळा मी आईला उठवलं आणि तिने सोड्याचं पाणी करून दिलं.

गुरुवारी चेकअपला येतेय. आईही येणार आहे. या वेळी तिला आतच बसू द्या.

तुमची,
वरच्या दातांची पेशंट