हृदय चालू झालं म्हणजे माणूस परत आला असं नसतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जिममध्ये कोसळलेल्या तरुणाला सीपीआर (म्हणजे छाती दाबून रक्त फिरवत ठेवणं) देऊन वाचवल्याची तुमच्या पेपरातली बातमी वाचली, फार बरं वाटलं, पण त्यात हार्ट अटॅक आणि कार्डियाक अरेस्ट हे एकच समजून लिहिलंय ते खटकलं. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, माणूस बऱ्याचदा शुद्धीवर असतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो. अरेस्टमध्ये पंपच बंद, माणूस धाडकन खाली, आणि चार-सहा मिनिटांत मेंदूचं नुकसान सुरू होतं. हाताने छाती दाबून नेहमीच्या पाव भाग, फार तर तिसरा हिस्सा रक्त फिरतं, मशीनने विजेचा शॉक देईपर्यंत मेंदू तगवायला तेवढंच असतं. 2021 च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कचा एरिक्सन मैदानातच पडला तेव्हा लगेच सीपीआर आणि शॉक मिळाला म्हणून तो पुढे पुन्हा फुटबॉल खेळला. त्यामुळे रस्त्यात कोणी असं पडलं तर विचार करत बसू नका, 108 ला फोन लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर आत जाईल असं दाबा. इथपर्यंत माझं काहीच भांडण नाही.

भांडण पुढचं आहे. माझी आई 84 वर्षांची, कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलेला, आयसीयूत होती. रात्री अडीचला एक तरुण डॉक्टर बाहेर आला, काका सीपीआर करायचं ना, असं घाईत विचारलं आणि मी म्हणालो सगळं करा. दुसरं काय म्हणणार हो? नको म्हणालो तर पोरानेच मारलं असं वाटणार, शिवाय टीव्हीवर बघितलेलं की चार वेळा छाती दाबली की पेशंट डोळे उघडतो. 1996 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तिथल्या टीव्ही सिरियल मोजून बघितल्या तर सीपीआर दिलेले 75 टक्के पेशंट त्या क्षणी वाचत होते, आणि खऱ्या आयुष्यात तिथेच हॉस्पिटलबाहेर अरेस्ट आलेल्यांपैकी साधारण दहातला एकच घरी परत जातो. आईचं हृदय चालू झालं, बरगड्या मोडल्या, सहा दिवस व्हेंटिलेटर, डोळे काही उघडले नाहीत. त्या डॉक्टरची चूक नाही, त्याने नियमाप्रमाणेच केलं. चूक ही की ॲडमिट करून नऊ दिवस झाले होते आणि तोवर हा प्रश्न शांतपणे कोणीच विचारला नव्हता, आम्हीही नाही.

नंतर कळलं की आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2020 मध्येच 'डू नॉट अटेम्प्ट रिससिटेशन'ची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. त्याचा अर्थ पेशंटला वाऱ्यावर सोडणं असा नाही, दुखण्याची औषधं, सलाईन, अँटिबायोटिक सगळं चालू राहतं, फक्त हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही. आणि लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारपणात कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवणं, ते तर सुप्रीम कोर्टाने 2018 ला मान्य केलंय, 2023 च्या जानेवारीत प्रोसिजर सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतात. याची सुरुवात आपल्याच मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली नर्स अरुणा शानबाग हिच्या केसपासून झाली, 1973 ला हल्ल्यात गळा आवळला गेल्याने मेंदूचा ऑक्सिजन तुटला आणि ती 2015 पर्यंत तशीच पडून राहिली, तिच्या नर्स मैत्रिणींनी तिला जपलं. त्या नर्सेसचा जीव सोडू देण्याला विरोध होता हेही खरं, म्हणून कोणाचं बरोबर हे मी ठामपणे नाही सांगू शकत.

मागच्या महिन्यात मी स्वतःचं लिव्हिंग विल करायला गेलो तर नोटरी विचारतो, काका फ्लॅट कोणाच्या नावे करायचा. त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. बायको अजून चिडलेली आहे, सुनेने मात्र न मागता साक्षीदार म्हणून सही केली. तुम्ही पेपरात याचा नमुना मराठीत छापाल का?

आपला एक जुना वाचक,
ठाणे