अक्षर तुमचं नाही!

तीर्थस्वरूप मामा,
शि. सा. नमस्कार.

गेल्या महिन्यात तुम्ही पोस्टातून निवृत्त झालात तेव्हा शाळेच्या पटांगणात तुमचा निरोपसमारंभ झाला. शाल-श्रीफळ झालं, सरपंच बोलले, दोन गुरुजी बोलले. माझं नाव पुकारल्यावर मी उठले, "मामांनी खूप मदत केली" एवढंच म्हणाले आणि रडत खाली बसले. राहिलेलं भाषण आता लिहून पाठवतेय. पाकिटात घालत नाही. पोस्टकार्डासारखं उघडंच ठेवते, कुणीही वाचावं.

2006 च्या पावसाळ्यात मी पहिली कथा मुंबईच्या एका मासिकाला पाठवली. सोबत परतीचं पाकीट जोडायचं असतं हे ठाऊक होतं, त्यावर तिकीट कितीचं लावायचं ते नव्हतं. पाच रुपयांचं एक चिकटवून मोकळी झाले. दोन महिन्यांनी कथा परत आली ती बैरंग, तिकीट कमी म्हणून दंडासकट. वीस रुपयांच्या जागी पाच, कमी पडलेल्या पंधराचे दुप्पट, म्हणजे तीस रुपये. मी शेतात होते. सासूबाईंनी चंचीतून काढून दिले आणि संध्याकाळी विचारलं, "एवढं महागाचं कुणाचं गं पत्र?" आत तीन बोटं रुंदीची छापील चिठ्ठी होती: साभार परत. त्यातल्या 'साभार'चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पोस्टात बोलावून घेतलंत. पोस्ट म्हणजे तुमच्याच घराची पुढची खोली. एक टेबल, शिक्का आणि तो काटा. "ताई, वीस गिरॅमला पाच रुपये. पुढच्या दर विसाला आणखी पाच. कागद मोजून लिहीत जा." मला राग आला. कथा काय किराणा आहे? पण पैसे खरंच नव्हते. पानाला साधारण पाच ग्रॅम धरले तर चार पानं कमी केल्यावर जाताना पाच रुपये वाचतात, परत येतानाही पाच. चौदा पानांची कथा मी दहावर आणली. बालाघाटाच्या डोंगरावर उतरणारी संध्याकाळ गेली, बाईचं शेवटचं दीड पानाचं स्वगत गेलं. उरलं ते ऊसतोडीला निघालेलं बिऱ्हाड आणि शेजारणीकडे बांधून ठेवलेली म्हैस. आता संपादक म्हणतात, तुमची शैली मोजकी आहे. शैली कसली, टपालखर्च!

परतीच्या पाकिटावर पत्ता आपणच घालायचा असतो. त्यामुळे स्वतःच्या अक्षरातलं पाकीट आलं की आत काय आहे ते फोडायच्या आधीच कळतं. हे माझ्याआधी तुमच्या लक्षात आलं असावं, कारण तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून तुम्ही ती पाकिटं घरी द्यायचं बंद केलंत. विहिरीवर, गिरणीपाशी, कधी शेताच्या वाटेवर मी एकटी दिसले की पिशवीतून काढून हातात द्यायचात आणि सायकलवर टांग मारून निघायचात. "पुढच्या वेळी होईल" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. त्याचे आभार वेगळे.

दिवाळी अंकांना 2009 साली शंभर वर्षं झाली. 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक 1909 चा. सगळीकडे कौतुकाचे लेख येत होते, आणि त्याच वर्षी माझ्या तीन कथा तीन अंकांकडून परत आल्या. एकूण सतरा झाल्या होत्या. काही तर परतसुद्धा आल्या नाहीत. ते संपादक परतीच्या पाकिटावरच्या तिकिटांचं काय करतात, देव जाणे. मी लिहायचं सोडलं. वह्या माळ्यावर टाकल्या. चार महिन्यांनी तुम्ही दारात आलात, हातात पत्र नाही, काही नाही. "ताई, तिकिटं खपंनात. गावात घेणाऱ्या तुम्ही एकट्याच." धीर द्यायला आला होतात की खरंच तिकिटं पडून होती, हे मी कधी विचारलं नाही. वीस रुपयांची घेतली. घेतलेली तिकिटं वाया कशी घालवायची?

2011 च्या जुलैत ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. वेशीपासूनच तुमचा आवाज: "ताई, अक्षर तुमचं नाही! तुमचं नाही अक्षर!" हातात पन्नास पैशांचं पोस्टकार्ड. दिवाळी अंकासाठी कथा घेतली होती, म्हशीचीच. "मी वाचलं नाही बरं का," म्हणालात. मामा, पोस्टकार्ड होतं ते, आणि तुम्ही वेशीपासून हसत येत होतात.

पासष्टीला घरी बसवताना तुमच्यासारख्या ग्रामीण डाकसेवकाला इतर सरकारी नोकरांसारखी पेन्शन मिळत नाही, हे मला त्या समारंभात कळलं. तुम्ही कधी बोलला नव्हतात. शालीपेक्षा गावानं दुसरं काहीतरी करायला हवं होतं. ते मी सरपंचांशी वेगळं बोलते.

2022 ला उदगीरला साहित्य संमेलन भरलं तेव्हा तुम्हाला बळंच गाडीत बसवून नेलं, आठवतं? एप्रिलचं ऊन, मांडवातही घामाच्या धारा. एका स्टॉलवर माझा कथासंग्रह होता. तुम्ही मुखपृष्ठ पाहिलं नाहीत, किंमत पाहिली नाहीत. तळहातावर घेऊन दोनदा खालीवर केलंत.

"दोनशे गिरॅमच्या आत हाय," म्हणालात. "बुकपोस्टानं जाईल."

आपली,
ताई