५३ किलोतच ताकद दिलीत, सर

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही माझे वेट ट्रेनिंगचे सर. समोर येऊन आभार मानायला लागले तर तुम्ही "बार लाव" म्हणून विषय संपवाल, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

मी ५३ किलो गटात कुस्ती खेळते. आम्हाला ताकद हवी असते, पण काट्यावर एक किलो जादा परवडत नाही. पुढचे गट ५५ आणि ५७. तिथल्या मुली हाडापेरानंच मोठ्या. त्यामुळे वेट ट्रेनिंगचं नाव काढलं की तालमीत एकच उत्तर मिळायचं: अंग भरेल, गट हुकेल, जोर-बैठका पुरेत.

तुम्ही वाद घातला नाहीत. आपल्या सांगलीच्याच वेटलिफ्टर संकेत सरगरचं नाव घेतलंत. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य, क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५ किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट. "हा पोरगा फुगलेला दिसतो का?" एवढंच विचारलंत. वस्तादांनी त्याच दिवशी परवानगी दिली.

मग तुम्ही शिकवलंत ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. सुरुवातीला वाढणारी ताकद बरीचशी मज्जासंस्थेची असते. मेंदूचा हुकूम एका वेळी जास्त स्नायूतंतूंपर्यंत पोचायला लागतो, आणि आहे त्याच स्नायूतून जास्त जोर निघतो. त्यासाठी वजन जड हवं, रेप्स (एका दमात किती वेळा उचलायचं) तीन ते पाच, सेट (अशा फेऱ्या) मोजके, आणि मधे तीन-चार मिनिटं पूर्ण विश्रांती. ती विश्रांती मला छळायची. कुस्तीगीराला घाम गाळल्याशिवाय व्यायाम झाला असं वाटतच नाही! पण अजून दोन रेप्स सहज निघतील असं वाटत असतानाच तुम्ही बार खाली ठेवायला लावायचात. दमेपर्यंत सेटवर सेट मारले आणि वर खुराक वाढवला की अंग भरतं, हे तुम्ही पुन्हा पुन्हा समजावलंत. शिवाय संध्याकाळी मॅटवर पायात जीव उरायला हवा, याची काळजी माझ्याआधी तुम्हाला.

स्क्वॉट, डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस, पुलअप्स. बस्स, एवढंच. फरक मला पहिल्यांदा दुहेरी पटात, म्हणजे समोरचीचे दोन्ही पाय धरण्याच्या डावात कळला. आधी आत शिरले की वरून भार पडायचा आणि मी गुडघ्यावर अडकायचे. आता पट धरून उभी राहते, समोरचीला घेऊन. काटा मात्र ५३ च्या आतच.

सगळ्यात मोठे आभार खाण्यासाठी. गट राखायला उपाशी राहणाऱ्या मुली मी पाहिल्यात. तुम्ही भाकरी बंद करू दिली नाहीत. दूध, अंडी, मटकी दिवसभरात विभागून दिलीत. पाळी वेळेवर येते का, हे एका ताईंना विचारायला लावलंत. ती चुकायला लागली तर खाणं कमी पडतंय आणि हाडं कमजोर होऊ शकतात, हे त्यांनीच मला नीट सांगितलं. एवढ्या बारकाईनं बघणारे मला तरी दुसरे कुणी भेटले नाहीत.

२०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीचीच प्रतीक्षा बागडी झाली, तेव्हापासून आमच्या तालमीत लहान मुली यायला लागल्यात. त्यांचे आईवडील मला विचारतात, वजनं उचलू द्यावीत का? मी त्यांना तुमच्याकडे पाठवतेय, सर. त्यांनाही आधी रिकामा बारच द्या, मला दिला होतात तसा.

तुमची विद्यार्थिनी,
सांगली