पीएचपी ७.४ वरून ८.३ वर जाताना

जळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

रावेर-सावद्याचे केळीभाव दाखवणारी तुझी साईट अजून पीएचपी या तिच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ७.४ व्हर्जनवर आहे हे वाचून काळजी वाटली. त्या व्हर्जनच्या सुरक्षा दुरुस्त्या २८ नोव्हेंबर २०२२ लाच थांबल्या. ८.३ वर ये, त्याला ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत दुरुस्त्या आहेत.

फक्त जुनं काढून नवं टाकू नकोस. सर्व्हरच्या उबुंटू सिस्टिमवर दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. दोघांचं एफपीएम (वेबसाठी पीएचपी चालवणारा भाग) वेगळं, सॉकेट (वेबसर्व्हर त्याच्याशी जोडला जातो ती जागा) वेगळं. एनजिनएक्स या वेबसर्व्हरच्या कॉन्फिगमधली सॉकेटची एक ओळ बदलून रीलोड केलं की साईट नव्यावर. बिघडलं तर तीच ओळ पूर्ववत. म्हणून त्या दिवशी डेटाबेसच्या टेबलांना हात लावू नकोस, नाहीतर परतीची वाट बंद होते.

नव्या व्हर्जनची पीएचपी-आयएनआय ही सेटिंग्जची फाईल वेगळी असते. तिथे अपलोडची मर्यादा मूळच्या २ एमबीवर असते. तुझे जुने आकडे तिथे भरून घे. एक्स्टेंशनही (पीएचपीचे जोडभाग) पुन्हा टाकावी लागतात. बाइटऐवजी अक्षरचिन्हं मोजणारं एमबीस्ट्रिंग तर विसरूच नकोस. 'जळगाव' हा शब्द साध्या मोजणीत १५ बाइट भरतो, एमबीस्ट्रिंगच्या मोजणीत ५ अक्षरचिन्हं. बाइटवर कापलास तर अक्षर फुटतं.

पान पांढरं पडलं तर चूक निदान दिसते. क्रिएट-फंक्शन, ईच ही जुनी फंक्शनं ८.० मध्ये गेलीच, ते लगेच कळेल. मला भीती आहे ती गुपचूप बदलणाऱ्या गोष्टींची. भावाच्या रकान्यात 'आवक नाही' असा मजकूर असेल आणि तू दुहेरी बरोबरने (==) तो शून्याशी ताडून पाहत असशील, तर ७.४ मध्ये उत्तर 'खरं' येतं आणि ती ओळ लपते. ८ मध्ये उत्तर 'खोटं', आणि ओळ पानावर दिसते. एररही नाही, लॉगही नाही. अशी प्रत्येक तुलना शोधून तिहेरी बरोबर (===) किंवा आकडा आहे का ते तपासणारं इज-न्यूमेरिक लाव.

डेटाबेसशी बोलणाऱ्या मायएसक्यूएलआयची क्वेरी फसली तर पूर्वी नुसतं फॉल्स यायचं, ८.१ पासून एक्सेप्शन (काम थांबवणारी चूक) येतं आणि न पकडल्यास पान थांबतं.

रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) एफपीएमवर चालत नाही, सीएलआयवर म्हणजे कमांड-लाइनच्या पीएचपीवर चालतो. वेब ८.३ वर गेली तरी तो जुन्यावरच राहू शकतो. क्रॉनच्या ओळीत व्हर्जनसकट पूर्ण पाथ लिही.

आधी पॅकेजेस सांभाळणाऱ्या कंपोझरला व्हाय-नॉट ही कमांड देऊन ८.३ बद्दल विचार, कुठलं पॅकेज अडतंय ते तो सांगेल. मग स्टेजिंगवर (साईटच्या चाचणीच्या प्रतीवर) आठवडाभर चालव आणि एरर लॉग मला पाठव, दोघं मिळून बघू.

तुझाच