बूच मारायची घाई करू नकोस

पलूस, जि. सांगली
फेब्रुवारीचा दुसरा आठवडा

प्रिय बापू,

तुझं पत्र वाचलं, सोबतचे फोटो मोठे करकरून पाहिले. मेमध्ये गावी येताना स्वतःच्या हातची वाइन आणायची आणि अण्णांच्या पंचाहत्तरीला सगळ्यांसमोर उघडायची, हा बेत वाचून फार आनंद झाला. तासगावच्या बागेत वाढलेला तू न्यू जर्सीच्या तळघरात द्राक्षं तुडवतोस, याचं मला खरंच कौतुक आहे. इकडे हंगाम ऐन भरात आहे, दिवसभर ट्रॉल्या येतायत, रसातल्या साखरेचा आकडा, म्हणजे ब्रिक्स, काढून काढून डोळे दुखतात. तरी रात्री प्रयोगशाळेत बसून सविस्तर लिहितोय, कारण लाल आणि पांढरी, दोन्ही वाइन आताच बाटल्यांत भरू का, हा तू विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे.

उत्तर आधीच सांगतो. पांढरी मार्चअखेर भर. लाल मात्र पुढच्या हिवाळ्यापर्यंत भरू नकोस.

लालचा हायड्रोमीटरचा, म्हणजे घनता मोजायच्या नळीचा, आकडा तू ०.९९८ लिहिलायस, आणि एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न येऊ देणारी झडप) तीन आठवडे गप्प आहे म्हणून आंबणं संपलं असं धरलंयस. एअरलॉकवर विश्वास ठेवू नकोस. हवेचा दाब घटला किंवा खोली तापली तर साठलेला वायू सुटून तो बुडबुडतो, आणि यीस्ट गारठलं तर साखर शिल्लक असतानाही गप्प बसतो. तुझं तळघर १२-१३ अंशांवर आहे. एवढ्या गारठ्यात तुझं यीस्ट नुसतं झोपलेलं असू शकतं. झिनफँडेलसारख्या गोड द्राक्षाची, १४-१५ टक्के अल्कोहोलची वाइन पूर्ण ड्राय झाली, म्हणजे साखर संपली, तर हायड्रोमीटर ०.९९५ च्या खाली उतरायला हवा.

दुसरं असं, की झिनफँडेलचा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात हिरवट मणी असतात आणि वेलीवरच सुकून बेदाणा झालेलेही असतात. त्या सुकलेल्या मण्यांतली साखर रसात भिजल्यावर सावकाश उतरते, म्हणून पहिल्या दिवशी घेतलेला ब्रिक्स कमी दिसतो. तू लिहिलेल्या २५ पेक्षा तुझ्या रसात साखर जास्तच असणार. यीस्टवर किती ओझं पडलं असेल ते यावरून लक्षात घे.

आता समज, तू तशीच भरलीस. शॅम्पेनवाले बाटलीतल्या दुसऱ्या आंबण्यासाठी लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर घालतात, त्यातून सहा वातावरणांइतका दाब तयार होतो. म्हणजे चार ग्रॅमला एक. त्यांची काच जाड असते, बूच तारेनं बांधलेलं असतं. तुझी बाटली साधी. ती विमानातून मुंबईला, तिथून गाडीच्या डिकीतून तासगावला येणार, तेही मेच्या उन्हात, पारा चाळिशीला टेकलेला असताना. झोपलेलं यीस्ट तिथं जागं होईल. बूच उडालं तर कपडे भिजतील, पण बाटली फुटली तर काच कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. पोरं आजूबाजूला असणार, बापू.

म्हणून असं कर. लालचा कार्बॉय, म्हणजे काचेचा मोठा बुधला, तळघरातून वर आण, २०-२२ अंशांच्या खोलीत दोन आठवडे ठेव. नमुना घेताना आधी तो हलवून त्यातला वायू काढून टाक, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला वर ढकलतात आणि आकडा खोटा येतो. तुझा हायड्रोमीटर कोणत्या तापमानाला जुळवलेला आहे तेही वाच, त्याच्या कागदावर छापलेलं असतं. दर चार दिवसांनी मोज. आकडा खाली सरकायला लागला तर सरकू दे, मध्ये पडू नकोस. जागचा हललाच नाही तर उरलेली साखर मोजायचं किट आण. ते तिथं सहज मिळतं, आणि अशा वेळी हायड्रोमीटरपेक्षा त्याचंच ऐकावं.

साखर संपली तरी लालचं काम राहतं. द्राक्षातल्या आंबट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक होणं अजून बाकी असेल. ते काम जिवाणूंचं, आणि त्यांनाही थंडी सोसत नाही. हे बाटलीत झालं तर वाइन गढुळते, जिभेवर चुणचुणते. मॅलिक उरलंय का ते कागदावर ठिपक्यांनी दाखवणारं क्रोमॅटोग्राफीचं किट घे. मॅलिकचा ठिपका पूर्ण पुसला गेला की मगच सल्फाइट (वाइन टिकवणारी पूड) टाक, त्याआधी टाकलंस तर जिवाणू दबतील आणि काम अर्धवट राहील. पुढे गाळावरून निथळून घे, ओक घालायचा असेल तर घाल, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेव. मधल्या काळात कार्बॉय गळ्यापर्यंत भरलेला असू दे. अर्ध्या रिकाम्या भांड्यात थांबलेली वाइन हवेनं मरते, तिला थांबण्याचा काही उपयोग होत नाही. तशी वेळ आली तर लहान भांड्यात उतरव, किंवा तशाच दुसऱ्या लाल वाइननं भर घाल.

अण्णा बेदाणा रॅकवरून कधी उतरवायचे ते आठवतंय? व्यापारी शेडच्या दारात उभा असायचा, भाव चांगला असायचा, ढग आलेले असायचे. तरी ते मूठभर मणी घट्ट दाबायचे, मूठ उघडायचे आणि मणी आपोआप सुटे झाले तरच रॅक झाडू द्यायचे. ओल राहिलेला बेदाणा खोक्यात चिकटतो आणि बुरसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुझ्या लाल वाइनची मूठ अजून सुटत नाही.

पांढरी वेगळी. सॉव्हिन्याँ ब्लाँ, ०.९९२, पीएच ३.३, आणि फोटोत कार्बॉयपलीकडची खिडकी स्वच्छ दिसतेय. ती तयार आहे असं मला वाटतं, पण तिच्याही तपासण्या कर. अर्धी बाटली भरून तोंडावर अंगठा दाब, जोरात हलव आणि अंगठा उचल. फस्स झालं तर वायू आहे, अजून थांब. मग अंधारात मागून टॉर्च मार. प्रकाशाचा पट्टा काचेत धुक्यासारखा दिसला तर ती अजून निवळलेली नाही.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी उष्णतेची, आणि तुझी वाइन सांगलीला येणार म्हणून मी ती सोडू देणार नाही. थोडी वाइन गाळून बाटलीत घे, ८० अंशांच्या पाण्यात काही तास ठेव, गार कर आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी धरून बघ. ढग धरला असेल तर प्रथिनं शिल्लक आहेत. बेंटोनाइट (प्रथिनं ओढून घेणारी माती) घाल, बसू दे, निथळून घे आणि पुन्हा तपास. हे न करता आणलीस तर निघताना आरशासारखी असलेली वाइन अण्णांच्या पेल्यात गढूळ उतरेल. त्याच्या उलट थंडीचं काम तुला फुकटात होतंय. कार्बॉय दोन-तीन आठवडे गॅरेजमध्ये ठेव, फक्त गोठू देऊ नकोस. टार्टारिक आम्लाचे क्षार काचेला स्फटिक होऊन चिकटतील, वाइन त्यावरून काढून घे. ते स्फटिक अपायकारक नसतात, पण पेल्यात दिसले की लोक काच समजतात.

भरायच्या आदल्या दिवशी मुक्त सल्फर डायऑक्साइड, म्हणजे सल्फाइटचा अजून कामी येणारा भाग, मोज. पीएच ३.३ ला लिटरमागे २५-३० मिलिग्रॅम असलं की बरं. तुझ्या पाच गॅलनच्या कार्बॉयमध्ये एक ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकलं तर साधारण ३० मिलिग्रॅमची भर पडते, पण त्यातलं काही वाइनमध्ये बांधलं जाऊन मुक्त राहत नाही, म्हणून टाकल्यावर पुन्हा मोज. मॅलिक आम्ल हिच्यात राहू दे. सॉव्हिन्याँचा तजेला त्यातच असतो.

अण्णांना गोड आवडतं म्हणून साखर घालून भरू का, असं विचारलंयस. मी घालणार नाही. पोटॅशियम सॉर्बेट आणि सल्फाइट मिळून यीस्टची वाढ रोखता येते, पण सॉर्बेट आधीपासून असलेलं यीस्ट मारत नाही, आणि प्रवास व उन्हाळा समोर असताना मला ती जोखीम नको वाटते. इथं आल्यावर जगमध्ये थोडा साखरेचा पाक मिसळ आणि अण्णांचा पेला वेगळा भर. लालमध्ये तर सॉर्बेट कधीच नको, लॅक्टिकचे जिवाणू त्याच्यापासून जिरेनियमच्या पानासारखा वास तयार करतात आणि तो जात नाही.

नळी बाटलीच्या तळापर्यंत घाल, खालून वर भर, वाइन आपटू देऊ नकोस. बुचाखाली दीड-दोन सेंटिमीटर जागा ठेव, तीन दिवस उभ्या ठेव, मग आडव्या कर. नुकतीच भरलेली वाइन काही आठवडे मुकी लागते, म्हणूनच मार्चअखेर म्हणतोय. पाच गॅलनच्या पंचवीसेक बाटल्या होतील, पण कस्टममध्ये माणशी दोन लिटर शुल्कमुक्त, म्हणजे तुम्हा दोघांच्या मिळून चार. तुमच्याकडे दोन मोठ्या माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत करता येते. इथं परवान्याशिवाय घरी करता येत नाही, म्हणून अण्णांनी कृती विचारली तर तेवढं सांग.

लाल पुढच्या वर्षी हुरड्याला आण, तोवर मीही इथली शिराझ राखून ठेवतो, दोन्ही शेजारी ठेवून चाखू. सध्या मला तीन गोष्टी पाठव: लाल वर आणल्यानंतरचे आकडे तारखेसह, क्रोमॅटोग्राफीच्या कागदाचा फोटो आणि पांढरीचे तापवलेला-न तापवलेला असे दोन नमुने शेजारी ठेवून काढलेला फोटो. ते बघितल्याशिवाय बुचं विकत घेऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुझ्या आईला परवा भेटलो, तब्येत चांगली आहे, तू कधी येणार ते दोनदा विचारलं. तिकिटाची तारीख त्यांना आधी कळव.

तुझाच मित्र