तुमची चूक दोन दिवसांत सुधारली, माझ्या डिस्चार्ज बुकातली कधी?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विजय दिनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात माजी सैनिकांचा फोटो छापून आला. डावीकडून तिसरा, मफलर गुंडाळलेला, तो मी. फोटोखाली तुम्ही मला सुभेदार करून टाकलं होतं. मी नायक म्हणून निवृत्त झालो, सुभेदाराच्या बराच खालचा हुद्दा. सकाळपासून गल्लीतले लोक 'सुभेदारसाहेब, सुभेदारसाहेब' करू लागले, तेव्हा मी आपल्या कार्यालयात फोन लावला. फोनवरच्या मुलीनं हुद्दा नीट विचारून घेतला, सॉरी काका म्हणाली, आणि दोन दिवसांनी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली. ते कात्रण मी कपाटात ठेवलं आहे. माझ्याबद्दलची कागदावरची चूक इतक्या लवकर सुधारल्याचं या ७६ वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच फोटोखाली तुम्ही 'पश्चिम आघाडीवर लढलेले' असंही लिहिलं होतं. ते मात्र बरोबर होतं. अडचण एवढीच की ते तुमच्या पेपरात आहे, माझ्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या नोकरीच्या नोंदवहीत, नाही.

ज्यांना फौजेतलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९७१च्या लढाईसाठी सरकारनं तीन पदकं काढली. पूर्वेकडं होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडं होते त्यांना पश्चिमी स्टार, आणि संग्राम मेडल बहुतेक सगळ्यांना, लढाईच्या काळात वर्दीत होता तर मिळणारच असं. परमवीर, महावीर, वीर चक्र ही शौर्याची पदकं, ती वेगळी. स्टार म्हणजे 'हा माणूस तिथं होता' एवढंच. त्यावर एक पैसा वाढत नाही, पेन्शनला त्याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण परवाच एकानं मला विचारलं, "काका, थकबाकी किती निघते?"

माझ्या डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यात निळ्या शाईत तीन नावं आहेत. संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या २५व्या वर्षाचं मेडल, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल. त्याखाली क्लार्कनं एक तिरपी रेघ ओढली आहे, पुढं कोणी काही घुसडू नये म्हणून. पश्चिमी स्टार त्या रेघेखाली गाडला गेला.

झालं ते असं. मी काटोल तालुक्यातला, १९६९ला भरती झालो, ट्रेड ड्रायव्हर. नोव्हेंबर १९७१मध्ये आमच्या कंपनीतल्या बारा ड्रायव्हरांना गाड्यांसकट दुसऱ्या एका युनिटला जोडून दिलं. फौजेत याला अटॅचमेंट म्हणतात. राशन तिथं, ड्यूटी तिथं, मार खायचा तर तोही तिथं, पण नाव मात्र मूळ युनिटच्या रोलवर. अशा अटॅचमेंटची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लेखी आदेश, निघावी लागते. ती निघाली तर गोष्ट तुमच्या रेकॉर्डला चढते, नाही निघाली तर ती घडलीच नाही. आमची निघाली नाही. आमची मूळ कंपनी त्या वेळी आघाडीपासून कितीतरी दूर होती, त्यामुळे कागदावर मीही तिथंच, दूर.

आणि मी होतो कुठं? पाकिस्तानातल्या शकरगढच्या बाजूला, बसंतर नदीच्या अलीकडं. जबलपूरच्या कारखान्यातला शक्तिमान ट्रक, मागं रणगाड्यांचे गोळे. रात्री हेडलाइट बंद. पुढच्या गाडीच्या मागल्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या गोल डब्याला चुन्यासारखा पांढरा रंग फासलेला असतो आणि त्यावर बोटाएवढा दिवा. तो पांढरा गोळा नजरेसमोर धरून चालायचं. फार जवळ गेलात तर ठोकणार, मागं पडलात तर वाट चुकणार, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना सुरुंग. सॅपर लोकांनी, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या फौजींनी, पांढरी फीत लावून जेवढी पट्टी मोकळी केली, तेवढीच आपली दुनिया. माझं स्टेअरिंग डावीकडं ओढायचं, त्यामुळे मी सगळी लढाई उजव्या हातावर जोर देऊन चालवली. अजून थंडीत तो खांदा धरतो.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, म्हणून तो विजय दिन. आमच्याकडं त्या दिवशी तोफांना उसंत नव्हती. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्याच दिवशी तिथं शहीद झाले, वय २१. त्यांचं नाव आम्हाला फार नंतर कळलं. आमच्याकडचा गोळीबार थांबला तो १७ला रात्री आठ वाजता. मी बॉनेटवर बसून शक्करपारे खात होतो. इतकी शांतता झाली की दातांचा आवाज ऐकू आला.

१९८४ला डिस्चार्ज घेताना मी ही चूक क्लार्कला दाखवली. "बाद में ठीक हो जाएगा, उस्ताद," तो म्हणाला. घरी जायची घाई होती, मी सही केली. ती सही हा माझा दोष, कबूल करतो. त्यानंतर उमरेडला कोळसा खाणीत डंपर चालवला, पोरांची लग्नं केली, आणि अधूनमधून अर्ज पाठवत राहिलो. रेकॉर्ड ऑफिसचं नाव इथं लिहीत नाही. आज तिथं बसलेल्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण उत्तरं कशी आली ते सांगतो. पहिल्या अर्जाला उत्तरच नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की अटॅचमेंटच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत जोडा. म्हणजे जी ऑर्डर निघाली नाही, आणि निघाली असती तर त्यांच्याच फायलीत असती, ती मी नागपूरच्या मानेवाड्यातून शोधून पाठवायची! मग माहिती अधिकारात विचारलं. उत्तर आलं की मुदत संपल्यामुळे जुनी कागदपत्रं नष्ट केली आहेत, लाँग रोलवर नोंद आढळत नाही. लाँग रोल म्हणजे नोकरीचा कायमचा गोषवारा, त्यात अटॅचमेंट नसते. हे मी सांगायचं की त्यांनी?

माझ्याकडं एक पुरावा आहे. डिसेंबर ७१मध्ये मी बाबांना फौजी पत्र लिहिलं होतं. संत्र्याचा बहार कसा आहे, बैल विकला का, आणि तब्येत ठीक आहे, एवढाच मजकूर. पण मागं पाठवणाऱ्याचा पत्ता आहे, माझा नंबर, नाव, ज्या युनिटला जोडलं होतं त्याचं नाव आणि खाली 'मार्फत ५६ एपीओ', हा फौजी टपालाचा पत्ता. वर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का, तारखेसकट. बाबांनी ते पत्र देवघरात पोथीत ठेवलं होतं, म्हणून वाळवीपासून वाचलं. त्याची प्रत पाठवली. उत्तर आलं, खाजगी पत्रव्यवहार ग्राह्य धरता येत नाही. शिक्का फौजेच्याच टपालाचा आहे, तरीही.

घरी बायको म्हणते, "जाऊ द्या न बाप्पा, कायले त्या बिल्ल्याच्या मागं लागले?" मुलगा त्याहून व्यवहारी. तो मला स्कूटरवर बसवून कामठीला गोराबाजारात घेऊन गेला. तिथं वर्दी शिवणाऱ्याच्या दुकानात काचेखाली सगळी पदकं ओळीनं मांडलेली असतात, नवीकोरी, रिबिनीसकट. पश्चिमी स्टारही होता. दुकानदार अडीचशे म्हणाला, मी फौजी आहे कळल्यावर दोनशेवर आला. हातात घेतला, वजन पाहिलं आणि परत ठेवला. माझ्या संग्राम मेडलच्या कडेवर माझा नंबर, रँक आणि नाव कोरलेलं आहे, बारीक, भिंगानं वाचावं लागतं. दुकानातल्या स्टारवर काहीच नव्हतं. ज्या पदकामागं नोंद नाही ते छातीवर लावणं म्हणजे चोरी, असं आम्हाला शिकवलं आहे. विकत मिळतो तो धातू. मला ती तिरपी रेघ खोडून हवी आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या नागपूरच्या कस्तुरचंद पार्कात खोदकाम करताना इंग्रजांच्या काळातल्या जुन्या तोफा निघाल्या होत्या. जाणकार आले, मोजमापं झाली, तोफा कुठल्या काळातल्या ते पेपरात छापून आलं. मी बघायला गेलो होतो. जमिनीखाली पुरलेल्या तोफेची ओळख पटते आणि ५४ वर्षांपूर्वीचा चालता-बोलता ड्रायव्हर ओळखू येत नाही, असा विचार तिथं मनात आला. त्यावर हसूही आलं.

आता मागणी. लढाईच्या काळात प्रत्येक युनिट वॉर डायरी लिहितं. कोणत्या गाड्या, किती माणसं जोडून आली, हे त्यात सापडू शकतं. संरक्षण मंत्रालयानं २०२१च्या जूनमध्ये धोरण जाहीर केलं की असे दस्तऐवज साधारण २५ वर्षांनी खुले करायचे. आमच्या लढाईला त्याच्या दुप्पट वर्षं झाली. तेव्हा अर्ज आला की ती डायरी रेकॉर्ड ऑफिसनं स्वतः उघडून बघावी, म्हाताऱ्यावर पुराव्याचं ओझं टाकू नये. दुसरं म्हणजे, पेन्शन अदालत भरते तशी नोंद दुरुस्तीची अदालत नागपुरात किंवा कामठीत भरवावी. एका वकिलानं मला मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडं जायला सांगितलं. जाता येईल, पण या गुडघ्यांनी किती तारखांना? आणि हा फक्त पदकाचा प्रश्न नाही. बायकोचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळं, यापायी फॅमिली पेन्शन अडलेल्या बाया मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यांचं काम माझ्याआधी झालं तरी माझी तक्रार नाही.

तिसरी गोष्ट घाईची आहे. जोडीदारांची शपथपत्रं पुरावा म्हणून धरावीत, आणि लवकर धरावीत. आम्हा बारा जणांतले मला ठाऊक असलेले तिघंच उरलो. एक माझ्या पुढं गाडी चालवायचा, ज्याचा तो पांढरा गोळा बघत मी चालायचो. तो भंडाऱ्याकडं असतो. मागच्या महिन्यात मुलासोबत गेलो होतो शपथपत्र घ्यायला. त्याला आता फारसं आठवत नाही. मला त्यानं आधी त्याचा साडू समजून जावयाच्या नोकरीची चौकशी केली. सुनेनं स्टॅम्प पेपर पुढं ठेवला, मी म्हटलं गाडीचा उल्लेख राहू दे, नंबर मला नीट आठवत नाही. त्यावर त्यानं वर न बघता माझ्या शक्तिमानचे शेवटचे चार आकडे सांगितले आणि म्हणाला, "स्टेअरिंग डाव्या अंगाले ओढे तुही."

उरलेल्या नऊ जणांपैकी काही विदर्भातले होते, एक वर्धेचा, दोन यवतमाळकडचे. त्यांचे पत्ते माझ्याजवळ नाहीत. त्यांच्यापैकी कोणी, किंवा त्यांच्या मुलाबाळांपैकी कोणी हे पत्र वाचत असेल, आणि घरात डिसेंबर ७१चं फौजी पत्र, मूव्हमेंट ऑर्डर, गाडीच्या कार डायरीचं फाटकं पान, काहीही असेल, तर कृपया आपल्या दैनिकाच्या कार्यालयात कळवावं. माझा पत्ता मी संपादकांकडं दिला आहे.

आपला,
एक निवृत्त नायक (नायकच छापावे, ही विनंती)
मानेवाडा, नागपूर