पक्या, डिश सोड, डबा बघ

प्रिय पक्या,

परवा फोनवर म्हणालास की सॅटेलाइटची सिक्युरिटी तपासायची म्हणजे वर आभाळात काहीतरी करायला लागत असणार, तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितोय. भावा, वर बघूच नको. ३६,००० किलोमीटरवरचा उपग्रह राहू दे तिथं, छतावरच्या डिशची केबल खाली ज्या मोडेममध्ये येते त्याचं झाकण आधी काढ.

मी तेच करतोय. भंगारातनं जुना व्हीसॅट (छोट्या डिशवरनं उपग्रहाशी बोलणारा) मोडेम आणला, बोर्डवर सिरीयल पोर्टच्या पिना सापडल्या, केबल लावली तर बूट होतानाचं सगळं भडाभडा स्क्रीनवर, मग फ्लॅश चिपला (मोडेमच्या कायमच्या मेमरीला) क्लिप लावून फर्मवेअर, म्हणजे मोडेम चालवणारा आतला प्रोग्राम, काढला आणि आत बघतोय तर टेक्निशियनचा पासवर्ड कोडमध्येच लिहिलेला! म्हणजे हा फर्मवेअर असलेल्या सगळ्या डब्यांना तोच. ट्रान्समिटच्या बाजूला अँटेना नाहीच, सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर आणि तो जिरवणारा डमी लोड लावलाय, आणि उद्यमनगरातनं जाड पत्र्याची पेटी करून घेतली, कारण सिग्नल बाहेर गेला तर दुसऱ्याची लिंक बिघडते, शिवाय लायसन्स नसताना तो गुन्हा आहे. पेटीतनं किती गळतंय ते मोजायचंय, सिग्नल मोजायचा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घेऊन ये की शनिवारी.

२४ फेब्रुवारी २०२२ आठव. रशिया युक्रेनमध्ये घुसला त्याच सकाळी व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट या उपग्रह इंटरनेट नेटवर्कवरचे हजारो मोडेम मेले. उपग्रहाला काही झालं नव्हतं. हॅकर नीट सेट न केलेल्या व्हीपीएनमधनं (बाहेरनं आत यायच्या खासगी वाटेतनं) मोडेम सांभाळणाऱ्या मॅनेजमेंट नेटवर्कमध्ये शिरले आणि तिथनंच मोडेमची फ्लॅश मेमरी उडवली. तिकडं जर्मनीत ५,८०० पवनचक्क्या फिरत होत्या पण याच नेटवर्कवरचं त्यांचं रिमोट मॉनिटरिंग बंद, त्यांचा युद्धाशी काय संबंध सांग?

त्याच वर्षी बेल्जियमच्या लेनर्ट वाउटर्स या सिक्युरिटी संशोधकानं साधारण २५ डॉलरच्या पार्टांचा बोर्ड स्टारलिंक या सॅटेलाइट इंटरनेटच्या डिशवर बसवला, बूट होताना व्होल्टेज क्षणभर पाडलं आणि प्रोग्राम कंपनीचाच आहे का हे बघणारी डिजिटल सहीची तपासणी चुकवली. लई भारी काम. पण आधी कंपनीला कळवलं, मग जगाला दाखवलं, हे मला त्याहून आवडलं.

आपल्याकडं पंचगंगा पात्राबाहेर आली की रस्ते तुटतात, लाईट जाते, टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात. त्या वेळी सॅटेलाइट लिंक हाच आधार, आणि तो डबा असा उघडा? मला हे सहन होत नाही रे.

पासवर्डचं सगळं लिहून कंपनीला पाठवलंय, उत्तर यायचंय. ते येईपर्यंत मॉडेलचं नाव तुला पण सांगणार नाही, राग मानू नको.

तुझा,
बंड्या